काळं कुठून येतं?

आमच्या यंत्रातून निघालेल्या फोटोत जिथे काळं दिसतं, तिथे बहुतेक वेळा काहीच अडलेलं नसतं. हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवते. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पडद्याकडे बोट दाखवून विचारतो, "मॅडम, हा काळा डाग म्हणजे इथून इलेक्ट्रॉन गेलेच नाहीत ना?" गेले रे बाबा, जवळजवळ सगळे गेले. खाली गेल्यावर त्यांचं काय झालं, ते विचार.

मी ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते. संशोधक नव्हे. नमुना दुसऱ्याचा, प्रश्न दुसऱ्याचा, पेपरवर नावही बहुतेक वेळा दुसऱ्याचंच. माझ्या वाट्याला तळघरातली गार खोली, माणसापेक्षा उंच असा एक धातूचा स्तंभ आणि व्हॅक्यूम पंपांची घरघर. या खोलीत मूत्रपिंडाच्या बायोप्सीपासून विमानाच्या मिश्रधातूपर्यंत काहीही येतं. पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला: किती पट मोठं दिसतं? पाच लाख पट, दहा लाख पट, हवं तेवढं. पण मोठं करणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. पडद्यावर सगळंच एका छटेचं असेल, तर दहा लाख पट मोठा राखाडी रंग मिळतो, बाकी काही नाही. शेजारच्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या दिसायला हव्यात. आम्ही त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतो, आणि तो नमुन्यासोबत आयता येत नाही. तो यंत्रात, नमुन्याच्या खाली, आम्ही तयार करतो.

आपल्याला चित्राची सवय लागलेली असते ती साध्या मायक्रोस्कोपची किंवा एक्स-रेची. एक्स-रेत हाडं किरण शोषून घेतात, म्हणून त्यांची सावली पडते. साध्या मायक्रोस्कोपखाली पेशींना निळा-गुलाबी रंग दिला, की तो रंग प्रकाशाचा काही भाग गिळतो. काहीतरी अडलं म्हणून ते दिसलं, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो. आमच्याकडे तो चालत नाही.

आमच्या स्तंभाच्या माथ्यावर इलेक्ट्रॉन गन आहे. दोन लाख व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन खाली सोडले जातात. नमुन्यापाशी पोचतात तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सत्तर टक्के. आणि नमुना केवढा? ३ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर, ग्रिडवर, बसवलेला ७० नॅनोमीटर जाडीचा काप. आपल्या डोक्यावरचा केस याच्या हजारपट जाड असतो. एवढ्या वेगाच्या कणाला एवढा पातळ पडदा अडवणार कसा? काही इलेक्ट्रॉन आत थोडी ऊर्जा सोडून जातात, नमुन्याची नासधूस होते ती त्यामुळेच. पण थांबणारे नगण्य.

थांबत नाहीत, पण वळतात. अणूच्या केंद्रकाजवळून जाताना केंद्रकाचा धनभार इलेक्ट्रॉनला आपल्याकडे खेचतो आणि त्याची वाट थोडी वाकडी होते. भार जितका मोठा, तितकं वळण्याचं प्रमाण जास्त, आणि ते भाराच्या सरळ पटीत न वाढता साधारण त्याच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. कार्बनच्या केंद्रकात ६ प्रोटॉन, शिशाच्या ८२, युरेनियमच्या ९२. नमुना जाड असला तरी तेच: वाटेत भेटणारे अणू जास्त, म्हणून वळणारे जास्त.

आता नमुन्याच्या खाली या. तिथे ऑब्जेक्टिव्ह लेन्स आहे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी. तिच्या खाली किरण ज्या पातळीवर एकवटतात, तिथे एक धातूची बारीक पट्टी सरकवता येते. तिला २०, ४०, ६० मायक्रॉनची भोकं असतात. हे आमचं ऑब्जेक्टिव्ह अ‍ॅपर्चर. सरळ आलेला इलेक्ट्रॉन भोकातून खाली जातो. अर्ध्या-एक अंशाहून जास्त वळलेला पट्टीवर आपटतो आणि तिथेच संपतो. नमुन्याच्या ज्या ठिकाणाहून पुष्कळ इलेक्ट्रॉन वळले, त्या ठिकाणच्या वाट्याला पडद्यावर थोडे उरतात, म्हणून तिथे काळं. फोटोतला काळेपणा म्हणजे या पट्टीवर आपटून चित्राबाहेर गेलेल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. अ‍ॅपर्चर बाहेर काढलं की चित्र पाणचट होतं. सगळं आहे, पण कशालाच उठाव नाही. विवर्तनाचं चित्र पडद्यावर आणायचं, मधल्या तेजस्वी ठिपक्याभोवती भोक बरोबर मध्यावर बसवायचं, पुन्हा मूळ चित्राकडे यायचं, की मघाच्या त्याच पेशीच्या भिंती कोरल्यासारख्या उभ्या राहतात. नमुन्याला कोणी हात लावलेला नसतो. उलट खेळही करता येतो. सरळ आलेल्यांना अडवून वळलेल्यांपैकी काहींनाच खाली सोडलं, तर सोन्याचे नॅनोकण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चमकतात. याला डार्क फील्ड म्हणतात. तोच कण एका फोटोत काळा, दुसऱ्यात पांढरा, आणि दोन्ही फोटो खरे.

ही गोष्ट सुरुवातीच्या लोकांनाही चटकन पटली नव्हती. मॅक्स नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी बर्लिनच्या टेक्निकल कॉलेजात १९३१ साली इलेक्ट्रॉनांनी वस्तूची मोठी प्रतिमा मिळवली. मोठी म्हणजे सतरा-अठरा पटच. १९३३ मध्ये रुस्काने साध्या मायक्रोस्कोपला मागे टाकणारं यंत्र बांधलं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि कापसाचा तंतू पाहिला. आक्षेप सरळ होता: नमुन्यात काही दिसायचं असेल तर त्याने इलेक्ट्रॉन शोषले पाहिजेत, आणि शोषले की तो जळून कोळसा होणार. कापसाचा तंतू खरोखरच करपला होता. सुटका झाली ती शोषणाचा विचार सोडल्यावर. नमुना पातळ करत गेलं, तर तो इलेक्ट्रॉनांची ऊर्जा फारशी घेत नाही, पण त्यांना वळवण्याचं काम करतच राहतो. म्हणजे नमुना जगवता येतो आणि दाखवताही येतो. रुस्काला नोबेल मिळालं ते १९८६ साली, पन्नासहून अधिक वर्षांनी. इतकी वाट पाहायला आयुष्यही दांडगं लागतं.

जीवशास्त्राच्या बाजूने पहिलं पाऊल टाकलं ते ब्रसेल्समध्ये लाडिस्लाउस मार्टन यांनी. १९३४ मध्ये त्यांनी ड्रोसेराच्या, म्हणजे दवबिंदूच्या पानाचा काप इलेक्ट्रॉनांखाली धरला. ही कीटक खाणारी वनस्पती. तिच्या काही जाती आपल्याकडे कासच्या पठारावर पावसाळ्यात दिसतात. मार्टन यांचा काप आजच्या मानाने भलताच जाड होता. पण त्यांनी पान ऑस्मियमच्या संयुगात भिजवलं होतं. ऑस्मियमच्या केंद्रकात ७६ प्रोटॉन. पेशीचा सांगाडा जळून गेला, तरी ऑस्मियमचा ठसा मागे राहावा, अशी ती युक्ती होती. आज जगात कुठल्याही प्रयोगशाळेत ऊतींचा नमुना आला, की ऑस्मियम टेट्रॉक्साइडची पायरी बहुतेक वेळा असतेच.

कारण पेशी म्हणजे काय? कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन. ज्या रेझिनमध्ये आपण ती बसवतो तेही कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. हलक्यात हलकं बसवलंय; कोण कोणापेक्षा जास्त वळवणार? म्हणून जड धातू मुद्दाम घालावे लागतात. ऑस्मियम चरबीला धरतो, म्हणून पेशीची पटलं काळी दिसतात. युरेनिल अ‍ॅसिटेट न्यूक्लिक आम्लांना आणि प्रथिनांना धरतं. ते किंचित किरणोत्सारी असल्याने त्याचे पर्याय आता अनेक जण वापरून पाहताहेत. शेवटी लेड सायट्रेट, सगळ्याला उठाव देणारं.

या लेड सायट्रेटचं काम मी अजून दुसऱ्यावर सोपवत नाही. आधी काप बघायचा. हिऱ्याच्या सुरीने कापलेले तुकडे सुरीमागच्या चिमुकल्या पाण्याच्या टाकीत तरंगतात, आम्ही तिला बोट म्हणतो. त्यांच्या रंगावरून जाडी कळते. चंदेरी असले तर ६० ते ९० नॅनोमीटरच्या आसपास, घ्यायचे. सोनेरी आले तर जाड, सोडून द्यायचे. ते ग्रिडवर उचलले, वाळवले, की स्टेनिंग. पेट्री डिशमध्ये मेणपट्टी, तिच्यावर लेड सायट्रेटचे थेंब, आणि थेंबांभोवती सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या. गोळ्या कशाला? हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांनी पिऊन टाकावा म्हणून. तो थेंबात शिरला की लेड कार्बोनेटचे बारीक कण तयार होतात आणि कापावर जाऊन बसतात. शिसंच ते; इलेक्ट्रॉनांना असं काही वळवतं, की फोटोत ठार काळे ठिपके. म्हणून ग्रिड थेंबावर ठेवताना चिमटा धरलेला हात स्थिर हवा आणि श्वास रोखलेला. झाकण जेमतेम बोटभर उचलायचं. नव्या मुली इथे हमखास बोलायला लागतात. मी ग्रिड धुऊन यंत्रात घालते आणि कुठल्या ग्रिडच्या वेळी गप्पा चालल्या होत्या, ते दाखवते.

आता वाटेल, मग जे दिसतं ते पेशीचं चित्र की शिशाचं? शिशाचंच. पेशीचा कुठला भाग कोणत्या धातूला धरतो, त्याचा तो नकाशा असतो. मला यात काही कमीपणा वाटत नाही. नकाशा कशाचा आहे ते माहीत असलं म्हणजे झालं. अंगावर सूज आलेल्या, लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या एखाद्या मुलाची बायोप्सी येते. साध्या मायक्रोस्कोपखाली पॅथॉलॉजिस्टला त्यात वावगं काही दिसलेलं नसतं. आमच्याकडे रक्त गाळणाऱ्या पटलाच्या कडेला बघायचं. निरोगी मूत्रपिंडात तिथे पोडोसाइट पेशींचे पाय एकाआड एक, मध्ये फटी ठेवून ओळीने टेकलेले दिसतात. मिनिमल चेंज आजारात ते पाय पसरून एकमेकांत मिसळलेले, एकच सलग पट्टा. ऑस्मियम आणि शिसं नीट बसलं असेल, तर हा फरक कोणालाही दाखवता येतो. स्टेनिंग फसलं असेल, तर डॉक्टरांचा फोन येतो आणि सगळं पहिल्यापासून.

विषाणूंसाठी याच्या उलट करतात. नमुन्याला न रंगवता त्याच्या आजूबाजूला रंगवायचं. टंगस्टनचं किंवा युरेनियमचं द्रावण विषाणूंभोवती वाळू दिलं, की भोवताल काळा आणि विषाणू मध्ये पांढरा, त्याच्या अंगावरच्या काट्यांसह. सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्न यांनी १९५९ मध्ये ही रीत बसवून दिली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली करोनाचे भारतातले पहिले फोटो प्रसिद्ध केले, ते असेच. केरळमधल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या स्रावातून, टंगस्टनच्या क्षाराने भोवताल काळा करून. त्यातल्या नीट दिसलेल्या कणाचा आकार ७५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि भोवती काट्यांची प्रभावळ. तो फोटो काळा-पांढराच होता, कारण इलेक्ट्रॉनला रंग नसतो. त्या वर्षी टीव्हीवर गरगर फिरणारे लाल-हिरवे गोळे कोणाच्या तरी संगणकावर रंगवलेले होते. माझ्या भाच्याने तर मला फोन करून विचारलं होतं, की करोना हिरवा असतो की लाल.

इथपर्यंतचा हिशेब सोपा: जड आणि जाड ते काळं. धातू आला की हा हिशेब कोलमडतो.

अ‍ॅल्युमिनियमचा शुद्ध पातळ वर्ख घ्या. सगळीकडे एकच अणू, जाडीही सारखी. तरी पडद्यावर त्यातला एक स्फटिक, म्हणजे दाणा, काळा कुळकुळीत आणि त्याला चिकटून बसलेला दुसरा पांढरा. घटक वेगळे? नाहीत. मी नमुना धरणारा होल्डर दोन अंश कलवते. काळा दाणा पांढरा होतो, पांढरा करडा, आणि तिसराच कोणीतरी काळा. इंजिनिअरिंगची मुलं इथे खुर्ची पुढे ओढतात.

स्फटिकात अणू थरांवर थर असे रचलेले असतात. इलेक्ट्रॉन कण आहे तशी लाटही आहे. दोन लाख व्होल्टला त्याची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर, अणूंमधल्या अंतराच्या जवळपास शंभराव्या भागाइतकी. थरांशी विशिष्ट कोन जुळला, की निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या लाटा एका तालात येतात आणि किरणाचा मोठा भाग त्या दिशेला निघून जातो. यालाच विवर्तन म्हणतात. हा ब्रॅगचा नियम, क्ष-किरणांसाठी सापडलेला, इथेही तसाच लागू. अ‍ॅल्युमिनियमच्या सर्वात दाट थरांसाठी किरण मूळ वाटेपासून वळतो तो जेमतेम ०.६ अंश. पण आमच्या अ‍ॅपर्चरच्या भोकाबाहेर जायला तेवढं पुरतं. म्हणून ज्या दाण्याचे थर किरणाशी बरोबर त्या कोनात बसलेत, तो काळा. त्याचं तोंड कुठे आहे, एवढंच तो काळेपणा सांगतो.

वर्ख कुठे ना कुठे वाकलेला असतोच. वाकल्यामुळे एका चिंचोळ्या पट्ट्यात तो कोन जुळतो आणि तिथे काळी पट्टी उमटते. एका विद्यार्थ्याने अशा पट्ट्या भेगा म्हणून मोजत आणल्या होत्या, तक्त्यासकट. मी म्हटलं, "होल्डर कलव." पट्ट्या साबणाच्या पाण्यावरच्या रंगांसारख्या सरकत दुसरीकडे गेल्या. भेग जागची हलत नाही. तेव्हापासून माझा शिरस्ता: स्फटिकाच्या फोटोत काही दिसलं, की ते काय आहे यावर बोलण्याआधी नमुना कलवायचा.

याच गुणावर विसाव्या शतकातला एक मोठा शोध उभा आहे. धातू वाकतो, तार ओढता येते, पत्रा ठोकता येतो; पण स्फटिकातले अणूंचे थर सगळे एकदम एकमेकांवरून सरकायचे म्हटले, तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या शेकडो-हजारोपट जोर लागायला हवा. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे सुचवलं, की थराची कड आतच कुठेतरी संपलेली असते, ती रेघ स्फटिकातून सरकत जाते आणि तिच्यामागे थर एक एक पाऊल पुढे येतो. तिला डिसलोकेशन म्हणतात. पुढची वीस-बावीस वर्षं सगळ्यांनी गणितं केली, प्रत्यक्ष धातूच्या आत पाहिली कोणीच नव्हती. मग १९५६ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हिर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांना अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खात बारीक काळ्या रेघा दिसल्या. हॉर्न म्हणजे तोच, तीन वर्षांनी विषाणूंभोवती रंग भरणारा. बीमची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताची, तीव्रता वाढवली, आणि रेघा चालायला लागल्या. त्याच वर्षी जिनिव्हात वॉल्टर बोलमन यांनाही स्टेनलेस स्टीलमध्ये त्या दिसल्या.

त्या रेघेत काळं काय होतं? रेघेशी जास्तीचा अणू नाही, जड धातू नाही. तिच्या आजूबाजूला अणूंचे थर थोडे वाकलेले असतात. बाकीचा वर्ख ब्रॅगच्या कोनापासून जरा दूर असला, तर त्या वाकलेल्या अरुंद पट्ट्यात कोन जुळतो, तिथले इलेक्ट्रॉन वळून पट्टीवर आपटतात आणि काळी रेघ उमटते. दिसतो तो दोषाभोवतीचा ताण. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. दोषामुळे थर एका ठरावीक दिशेने सरकलेले असतात. त्या दिशेने सरकूनही ज्या थरांच्या सपाटीत काही फरक पडत नाही, असे थर निवडून विवर्तन घेतलं, की रेघ गायब होते. दोष जागेवरच असतो, फक्त दिसत नाही. होल्डर फिरवत फिरवत ती कुठे कुठे नाहीशी होते याची नोंद ठेवली, की अणू कोणत्या दिशेला सरकलेत ते नेमकं सांगता येतं. नमुना इकडून तिकडे कलवत दोन-तीन वेळा रेघ पुसली जाताना पाहिली, की पोरं गप्प होतात. मीही काही बोलत नाही.

आता कॉन्ट्रास्टचा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात आडमुठा. नमुना फार पातळ आहे, हलक्या अणूंचा आहे, अ‍ॅपर्चरबाहेर जाण्याइतकं जवळपास कोणीच वळत नाही. ना सावली, ना वगळलेले इलेक्ट्रॉन. बदल होतो तो फक्त इलेक्ट्रॉनच्या लाटेच्या तालात: नमुन्यातून गेलेली लाट मोकळ्या जागेतून गेलेल्या लाटेपेक्षा किंचित मागेपुढे होते. कॅमेरा किती इलेक्ट्रॉन पडले तेवढं मोजतो, लाटेचा ताल त्याला कळत नाही. मग दिसणार कसं?

दुपारच्या उन्हात पाण्याच्या उथळ हौदात बघा. पाणी स्वच्छ आहे, ऊन शोषत नाही, तरी तळावर उजेडाची जाळी नाचत असते. पाण्याच्या पृष्ठभागावरचे चढउतार किरणांना जरा इकडेतिकडे झुकवतात आणि थोडं खाली गेल्यावर ते कुठे एकवटतात, कुठे विरळ होतात. तळ अगदी पृष्ठभागाला टेकवला, तर जाळी नाहीशी होईल. पृष्ठभागापासून थोडं अंतर हवं. आमच्या यंत्रात ते अंतर म्हणजे फोकस बिघडवणं.

हो, बिघडवणं. सगळ्या कॅमेऱ्यांचं शिक्षण इथे उलटं पडतं. कार्बनच्या पातळ पडद्यातलं एखादं भोक पकडून फोकसचं बटण हळूहळू फिरवा. एका बाजूला भोकाच्या कडेला काळी रेघ असते आणि पडदा खरखरीत दाणेदार दिसतो. मग कडेची रेघ बारीक होत जाते, दाणे विरतात, आणि अचूक फोकस आला की सगळं सपाट, धुतल्यासारखं. आणखी पुढे गेलात, की कडेला पांढरी रेघ आणि दाणे परत हजर. नवशिका बिचारा मन लावून अचूक फोकसला पोचतो आणि घाबरून हाक मारतो, "मॅडम, नमुना गेला!" नमुना गेलेला नसतो, हौदाचा तळ पृष्ठभागाला टेकलेला असतो.

किती बिघडवायचं, याचं गणित ऑटो शेर्झर यांनी १९४९ मध्ये मांडलं. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनीच सिद्ध केलं होतं, की गोलाकार चुंबकीय लेन्समध्ये एक ठरावीक दोष, गोलीय विपथन, राहणारच. तो पूर्ण काढता येणार नाही. आता त्यांनी दाखवलं, की हा दोष आणि मुद्दाम बिघडवलेलं फोकस एकमेकांना अशा बेताने तोलता येतात, की बऱ्याच बारकाव्यांचा काळेपणा एकाच बाजूचा येतो. आमच्यासारख्या यंत्रात ते बिघडवणं जवळपास ६० नॅनोमीटरचं असतं. तिथे अणूंच्या रांगा काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. फोकस अजून हलवलं, की तेच ठिपके पांढरे होतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा काळ्या. म्हणून "हे पांढरे गोळे म्हणजे अणू" असं कोणी फोटो दाखवून म्हणालं, की मी फोकस किती होता ते विचारते. उत्तर नसेल, तर अणू की अणूंमधली फट, हे देवच जाणे. पुढे १९९८ मध्ये हायडर, रोझ आणि उर्बान यांनी गोल नसलेल्या लेन्स जोडून शेर्झरच्या नियमाला वळसा घालून दाखवला, पण ती वेगळी आणि फार महागडी गोष्ट.

जड अणू थेट ओळखायचे असतील, तर हल्ली लोक दुसऱ्या पद्धतीकडे जातात. बीम सुईच्या टोकासारखा करून नमुन्यावरून फिरवायचा आणि खाली कंकणाकृती डिटेक्टर ठेवून फार मोठ्या कोनात वळलेले तेवढे गोळा करायचे. जड अणू तिथे सरळ पांढरे चमकतात, फोकसबरोबर उलटेपालटे होत नाहीत. शिकागोत आल्बर्ट क्रू यांनी १९७० मध्ये कंकणाकृती डिटेक्टर वापरूनच सुटे जड अणू दाखवले होते.

फोकस बिघडवण्याची ही विद्या खरी कामाला आली ती प्रथिनांच्या बाबतीत. नमुना पाण्यात असताना क्षणात गोठवायचा, इतक्या झटपट की पाण्याचे स्फटिक होऊ नयेत, काचेसारखा बर्फ व्हावा. झाक द्युबोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमवलं. ऑस्मियम नाही, शिसं नाही, प्रथिन आहे तसं बर्फात. अडचण एवढीच की बर्फ आणि प्रथिन दोन्ही हलके, दोघांत फरक अगदी थोडा. आणि बीम जास्त वेळ ठेवला की प्रथिन जळणार. मग फोकस नॅनोमीटरमध्ये न बिघडवता एक ते अडीच मायक्रॉन बिघडवतात. प्रथिनाचा आकार दिसायला लागतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. एका ठरावीक फोकसला काही आकाराचे बारकावे काळ्याचे पांढरे होतात आणि काही पूर्ण नाहीसे होतात. त्यावर उपाय म्हणजे शेकडो-हजारो फोटो निरनिराळ्या फोकसला घ्यायचे. एकात हरवलेलं दुसऱ्यात सापडतं, उलटलेलं संगणक सुलटं करतो, आणि लाखो कणांची सरासरी काढून प्रथिनाचा आकार उभा करतो. द्युबोशे, योआकिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

हे काम आता यंत्र रात्रभर स्वतःच करतं. ग्रिडवरच्या पडद्यातल्या कुठल्या भोकातला बर्फ पातळ आहे ते शोधतं, फोकस सांगितल्याप्रमाणे कमीजास्त करत फोटो घेत राहतं. संध्याकाळी मी फक्त आकडे भरते: कुठून कुठपर्यंत बिघडवायचं, किती पावलांनी. सकाळी आल्यावर प्रथिनांकडे बघत नाही. आधी प्रत्येक फोटोचं फूरिये रूपांतर, म्हणजे त्यातल्या बारकाव्यांची आकारावारी मांडणी, उघडते. त्यात एकात एक अशी काळी-पांढरी वलयं दिसतात; फ्रीड्रिश थॉन यांनी १९६६ मध्ये त्यांचा उलगडा केला, म्हणून ती थॉनची वलयं. फोकस किती बिघडलं, कुठले बारकावे आले, कुठले हरवले, हे सगळं त्यांत लिहिलेलं असतं. वलयं लांबट झाली असतील, तर लेन्स सगळ्या दिशांना सारखं फोकस करत नाही. एकाच दिशेला पुसट झाली असतील, तर ग्रिड सरकत होतं. असे फोटो मी बाजूच्या फोल्डरमध्ये टाकते आणि विद्यार्थ्याला निरोप पाठवते, की उरलेले घेऊन जा.